बायडीस पत्र

चि. बायडीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आई रोज संध्याकाळी मोबाईल पदराने पुसून कोनाड्यात ठेवते आणि माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

रात्रीची नाकाबंदी लागली म्हणालीस, तर मी एवढंच म्हटलं की गाडी थांबवताना पुढं होऊ नकोस. त्यावर तू म्हणालीस, "मग ओंबळे साहेबांचा फोटो घरात कशाला लावलाय?" आणि खट्‌. लागलं, कारण बरोबर होतं.

मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री, 26 नोव्हेंबर 2008 ला, तू सात वर्षांची. माझी साप्ताहिक सुट्टी होती. बोलावणं आलं, अंगात वर्दी चढवली, तर पट्टा सापडेना. तू तो तांदळाच्या डब्यात लपवला होतास. घाईत मी तुला धपाटा घातला. पट्ट्याच्या बक्कलमध्ये दोन दाणे अडकलेले, ते मला पहाटे दिसले.

आम्ही उभे होतो ती जागा वेगळी. गिरगाव चौपाटीवर काय झालं ते नंतर कळलं. स्कोडा बॅरिकेडपाशी आली, दिवे भगभगीत, काचेवर पाणी सोडून वायपर चालू, म्हणजे आतलं दिसू नये. वळायला गेली आणि दुभाजकाला धडकली. आतल्या दोन अतिरेक्यांतला एक गोळीबारात मेला. दुसरा, कसाब. त्याच्या रायफलीची नळी ओंबळे साहेबांनी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. हातात काय, तर काठी! माझी अजून दाराआड आहे, दर दिवाळीला तेल लावतो. काठी धरलेल्या माणसाला त्याचा अर्थ लवकर कळतो.

कसाब जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला, 2012 ला येरवड्यात फाशी झाली. साहेबांना 26 जानेवारी 2009 ला अशोकचक्र मिळालं. आपल्या जावळीतल्या केडंब्याचा माणूस, आधी फौजेत, मग 1991 पासून मुंबई पोलिसात. शास्त्रज्ञांनी एका कोळ्यालाही त्यांचं नाव दिलंय, पिंट्यानं मोबाईलवर दाखवलं. एवढासा कोळी. मला आधी राग आला, मग बरं वाटलं.

पण तू जॅकेट घालतेस ना? उकडतं म्हणून काढून खुर्चीवर टाकू नकोस. गाडीच्या समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा. आधी इंजिन बंद करायला लाव, आतला दिवा लावायला सांग, ड्रायव्हरचे हात बघ, मगच जवळ जा. दारू प्यायलेला असला तरी चावी काढायला खिडकीतून हात घालू नकोस. आणि सोबतचा कोण आहे, त्याचं लक्ष असतं का, की तो मोबाईल बघतो?

बघ, पुन्हा तेच सुरू झालं. हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, माझ्यापेक्षा चांगलं. माफ कर.

पासिंग आउटच्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत होतीस. आई म्हणत होती दिसत नाही, दिसत नाही. मला तर तुझ्याशिवाय दुसरं कोणी दिसत नव्हतं. गावात कोणी विचारलं की मी मुद्दाम सावकाश सांगतो, "मुंबई पोलीस." माझ्या वेळी हे सांगताना एवढा ऊर भरून आला नव्हता. घरी येऊन मात्र टीव्हीवर मुंबईची बातमी लागली की मी आवाज बारीक करतो. आईला वाटतं तिच्यासाठी करतो.

फोन करायचा तर कर, नाही केलास तरी चालेल. पण ड्युटी सुटल्यावर नुसती एक रिंग दे, उचलणार नाही.

काकूची तब्येत बरी आहे. चकली पाठवतो.

आणि एक. मागच्या सुट्टीला तुझी टोपी सापडत नव्हती, एसटी चुकली, तू उगाच पिंट्यावर ओरडलीस. ती मीच माळ्यावर टाकली होती. आईला सांगू नकोस.

तुझे,
आबा