उद्यान अधीक्षकांना खुले पत्र: तो डेक पुन्हा धुऊ नका

मा. उद्यान अधीक्षक यांस,

स. न. वि. वि.

तळ्याकाठचा लाकडी डेक सोमवारी पुन्हा प्रेशर वॉशरने धुणार, अशी पाटी आपल्या खात्याने फाटकावर लावली आहे. साहेब, मी सुतार आहे आणि ती धुलाई थांबवा एवढे सांगायलाच हे पत्र लिहितो आहे.

पहिल्या धुलाईनंतर फळ्यांवर पांढुरके पट्टे दिसू लागले म्हणून लोकांनी तक्रार केली, आणि त्यावर उपाय काय, तर आणखी जोराची धार! ते पट्टे म्हणजे उरलेला मळ नाही, तिथले लाकूडच निघून गेले आहे. ते धुऊन परत कसे येणार?

काल संध्याकाळी मी तिथे उकिडवा बसून नीट पाहिले. कठड्याजवळ काचेवर वायपर फिरावा तसे अर्धगोल ओरखडे आहेत. धुणारा माणूस एका जागी उभा राहून हात डावी-उजवीकडे फिरवत होता, हे त्यावरूनच कळते. हात जिथे वळला तिथे धार क्षणभर थांबली, म्हणून तिथला चट्टा जास्त खोल. बोट आडवे फिरवले तर कंगव्यावरून फिरल्यासारखे लागते. पाइनसारख्या लाकडात प्रत्येक वर्षाच्या वाढीचा आधीचा भाग मऊ असतो आणि नंतरचा घट्ट. जोराचे पाणी मऊ भाग खरवडून नेते, घट्ट रेषा तेवढ्या उंच राहतात. वर पिंजलेल्या कापसासारखे तंतू उभे आहेत. उद्या त्यांचीच कुसळे होऊन अनवाणी पोरांच्या पायात जातील.

धुवायला माझी हरकत नाही, ती जोराला आहे. लाकूड करडे पडते ते उन्हाने. अतिनील किरणांनी तंतू धरून ठेवणारे लिग्निन तुटते, पण हा थर अगदी पातळ असतो. सोडियम परकार्बोनेट या ऑक्सिजनवाल्या ब्लीच पावडरीचे पाणी दहा-पंधरा मिनिटे ठेवून मऊ ब्रशने घासले आणि साध्या पाइपने धुतले की तो निघतो. त्याने लाकूड जरा काळवंडते. मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा पातळ हात दिला की रंग उघडतो, स्क्रूभोवतीचे लोखंडाचे काळे डागही जातात. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे पाणी तळ्यात उतरू देऊ नका. क्लोरीनचे ब्लीच मात्र नको, त्याने तंतू आणखी पिंजतात.

त्यानंतर घाई नको. डेक पूर्ण वाळू द्या. स्क्रूची डोकी आत बसवा, नाहीतर पॉलिश पेपर फाटतच राहील. मग ६० किंवा ८० नंबरच्या पेपरने रेषेच्या दिशेने घासा, आणि तेही फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. नुसता चट्टा घासला तर तेल लावल्यावर तो ठिगळासारखा उठून दिसतो. याहून बारीक पेपर वापरू नका, गुळगुळीत फळी तेल पीत नाही. खड्डा खोल असेल तर स्क्रू काढून फळी उलटी करा, खालची बाजू बहुतेक वेळा शाबूत असते.

पण आधी जुनी कागदपत्रे बघा. या फळ्यांना तांबे-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेली असेल, तर घासूच नका. ती धूळ विषारी असते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड २००३ च्या अखेरीस बंद झाले, जुन्या बांधकामांत ते अजून सापडते.

पुढच्या निविदेत ‘प्रेशर वॉशरने स्वच्छ करणे’ एवढेच लिहू नका. मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचे माप) पुरे होतात, आणि बाजारातली यंत्रे सहज २००० च्या वर जातात. ४० अंशांचे पंख्यासारखे नोझल, फुटभर अंतर आणि रेषेच्या दिशेने न थांबता फिरणारा हात, हे शब्दांत लिहा. उमेदवारीच्या काळात मी स्वतः अरुंद नोझलने एका फळीवर खोल चर पाडला आहे. तेव्हा त्या कामगाराला बोल लावायचा माझा हेतू नाही, त्याला कुणी सांगितलेच नसेल.

शेवटी आत मुरणारे तेल पातळ लावा आणि वर राहिलेले पुसून घ्या. जवसाचे तेल असेल तर त्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेतो. एकेक चिंधी पसरून वाळवा.

सोमवारी सकाळी सातला मी फाटकाशी येतो. कठड्याजवळची ती एक फळी करून दाखवतो. पॉलिश पेपर माझा, आपण फक्त पाण्याचा पाइप द्या.

आपला,
एक सुतार