रक्तदानाला का गेले नाही, आणि आई तुझी टेस्ट का करायचीय

आई-बाबा,

परवा फोनवर मी यावेळी रक्त दिलं नाही म्हटल्यावर बाबा नाराज झाले ते आवाजावरूनच कळलं. साहजिक आहे, बाबा तुम्ही वयाची अट आडवी येईपर्यंत देत राहिलात आणि दादाला-मला पण ती सवय तुमच्यामुळेच लागली. म्हणून सविस्तर लिहितेय, कारण फोनवर सांगायला घेतलं की आई मधेच घाबरते आणि पुढचं राहूनच जातं.

तर झालं असं की लॅबमध्ये कचऱ्याची पिशवी उचलताना मला सुई टोचली. वापरलेली सुई साध्या कचऱ्यात टाकायचीच नसते, तिच्यासाठी वेगळा जाड डबा असतो, पण कुणीतरी टाकली होती आणि ती कुठल्या पेशंटची हे आता कळायला काही मार्ग नाही. लगेच साबण-पाण्याने धुतलं (बोट पिळून रक्त काढ म्हणतात बरेच जण, ते करू नये), वर कळवलं, माझं रक्त पण घेतलं. हिपॅटायटिस बी ची लस माझी झालेलीच आहे, एचआयव्हीसाठी लगेच सुरू करायच्या गोळ्या असतात त्या पण घेतल्या, पण हिपॅटायटिस सी ला (रक्तातून पसरणारा, लिव्हर खराब करणारा विषाणूचा आजार) ना लस आहे ना अशी लगेच घ्यायची गोळी, तिथे ठरलेल्या वेळी टेस्ट करत राहायचं एवढंच. आणि आई, ती सुई हिपॅटायटिस सी झालेल्या माणसाचीच होती असं धरलं तरी लागण व्हायची शक्यता जुन्या अभ्यासांमध्ये शंभरात दोनच्या आसपास आणि अलीकडच्या अभ्यासांमध्ये त्याच्याही बरीच खाली, हजारात दोनच्या आसपास आहे. मी घाबरलेली नाहीये, तू पण घाबरू नकोस.

बाबा म्हणाले, "अगं ते सगळं रक्त तपासतातच की, खराब निघालं तर टाकून देतील, उलट तुझी तपासणी पण होईल आयती." बाबा हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात पण हेच मला पटत नाही. हिपॅटायटिस सी चा विषाणू शरीरात गेल्यावर त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, रक्तात दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे जातात, कधी जास्तही. नॅट नावाची टेस्ट थेट विषाणूच शोधते, ती आठवड्या-दोन आठवड्यात पकडते, पण ती सगळीकडे होतेच असं नाही आणि झाली तरी सुरुवातीचे काही दिवस तिच्याही हातून सुटतात. त्या दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रक्त मात्र लागण करू शकतं. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळ्या करतात म्हणजे ती पिशवी तीन वेगवेगळ्या माणसांना जाऊ शकते. म्हणून तर रक्त द्यायच्या आधी फॉर्मवर विचारतात, सुई टोचली का, टॅटू काढला का, ऑपरेशन झालं का. मशीनला जे दिसत नाही ते फक्त देणाऱ्यालाच माहीत असतं, आणि तिथे मी "नाही" वर टिक केली तर पुढे कुणीही ते पकडू शकत नाही. स्वतःची टेस्ट करून घ्यायला रक्तदान करणं तर अगदीच चूक, टेस्ट हवी तर टेस्टच करावी. किती महिने थांबायचं ते देशागणिक वेगळं आहे, कुठे तीन-चार महिने कुठे पूर्ण वर्ष, मी माझे सगळे रिपोर्ट येऊन वर तो काळ संपेपर्यंत देणार नाही. ज्याला रक्त चढतं तो टेबलावर पडलेला असतो बाबा, त्याला कोण विचारतं कुणाचं चालेल आणि कुणाचं नको.

आणि हे लिहिताना मला सारखी आईच आठवतेय. दादाच्या वेळी आई तुला खूप रक्तस्राव झाला आणि रक्ताच्या बाटल्या चढवल्या हे तू किती वेळा सांगितलंयस. दादा १९८४ चा. हिपॅटायटिस सी चा विषाणू सापडला १९८९ मध्ये, त्याआधी डॉक्टरांना एवढंच माहीत होतं की रक्त चढवल्यावर काही जणांना कावीळ होते जी हिपॅटायटिस ए ची पण नाही आणि बी ची पण नाही. म्हणजे तुला चढवलेलं रक्त या विषाणूसाठी कुणी तपासलेलंच नव्हतं, टेस्टच नव्हती जगात. त्या माणसाने चांगल्या मनानेच दिलं असणार, त्या रक्ताने तू वाचलीस, त्याच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. पण टेस्ट करायला हवी. हा आजार वीस-तीस वर्षं काही न जाणवता लिव्हर खराब करत राहू शकतो, थकवा आला तर आपण वयाचा समजतो, आणि लिव्हर पार आखडल्यावर कळतं.

माझी पहिली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून तू सुटलीस असं नाही हं, आईकडून बाळाला जायचं प्रमाण शंभरात पाच-सहाच असतं त्यामुळे माझ्यावरून तुझं काही कळत नाही.

आधी अँटीबॉडी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच आजार आहे असं धरायचं नाही, शंभरातल्या १५ ते ४५ जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो पण अँटीबॉडी राहतात, म्हणून पुढे आरएनए टेस्ट करतात, ती पण नॅटसारखी थेट विषाणूच शोधते, खरं उत्तर तिच्यात. आणि विषाणू असलाच तरी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून जास्त बरे होतात, पूर्वीसारखी महिनोन्महिने इंजेक्शनं नाहीत. वय झालंय आता कशाला असं म्हणू नकोस, वयाची अडचण नसते त्याला.

तुला ओळखते म्हणून सांगते, आजपासून कप-ताट वेगळं ठेवायचं काहीही कारण नाही. एकत्र जेवून, जवळ बसून, नातवंडांचे पापे घेऊन हे पसरत नाही, रक्ताला रक्त लागलं तरच. त्यामुळे ब्रश, नेलकटर, दाढीचं सामान आपापलं, आणि बाबांच्या शुगरच्या मशीनचं ते टोचायचं पेन तू पण वापरतेस ते आजच बंद करायचं, सुई नवीन घातली तरी नको. रिपोर्ट काहीही येवो, हे बंदच. तुझं वेगळं घ्या.

बाबा, तुम्ही आईला घेऊन जा, स्वतःची पण करून घ्या, आणि फॉर्मवर १९८४ ला रक्त चढवल्याचं लिहा. रिपोर्ट आला की त्याचा फोटो आधी मला पाठवा, स्वतः अर्थ लावत बसू नका आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तो आईचा रिपोर्ट आहे, कुणाला सांगायचं ते तिला ठरवू दे. माझा पुढचा आला की मी पण पाठवते.

तुमची,
ताई