कोणता बर्च, आणि चरापासून किती दूर?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत फिनलंडमधल्या निचरा केलेल्या दलदलींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘तिथे बर्च झपाट्याने वाढतो’ हे वाक्य वाचून राहवले नाही. त्या जंगलांत झाडे मोजण्यात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिथे बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जाच्या जवळच्या नात्यातल्या झाडाच्या, दोन मोठ्या जाती आहेत: रुपेरी बर्च (बेट्युला पेंड्युला) आणि लवदार बर्च (बेट्युला प्युबेसन्स). वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दोघांना एकाच नावाखाली घातले होते. पेंड्युला हे नाव रोथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1788 मध्ये दिले. रुपेरीची गुणसूत्रे 28, लवदारची 56. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवले की रुपेरीच्या राळेच्या पुटकुळ्या खरखरीत लागतात, लवदारवर मऊ लव असते. जुन्या झाडाची कोवळी फांदी हाताला येत नाही आणि बुंध्यावरून पुष्कळदा फसगत होते. अशा वेळी आतल्या सालीचा कपचा रसायनात टाकतात. नारिंगी साका बसला तर रुपेरी, द्रावण स्वच्छ राहिले तर लवदार. ही खात्री न करता काढलेल्या वाढीच्या सरासरीला मी तरी फारसे मोल देत नाही.

आता जमिनीकडे. फिनलंडमध्ये मुख्यतः 1960 आणि 1970 च्या दशकांत चर खणून सुमारे 50 लाख हेक्टर दलदल वनासाठी कोरडी केली गेली. दोन चरांत साधारण 40 मीटर अंतर असते. चराकाठी पाणी खोल उतरते, मधल्या पट्ट्यात वर राहते. रुपेरीच्या मुळांना हवा लागते. लवदार ओल सोसतो आणि अशा पीटवर (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर) आपणहून दाट उगवतो. म्हणजे चराकाठचा रुपेरी आणि मधला लवदार शेजारी ठेवून तुलना केली, तर वाढीतला बराचसा फरक चराचा असतो, जातीचा नव्हे. पावसाळी वर्षी किंवा चर गाळाने भरले की चित्र पुन्हा बदलते.

शिवाय पीटमध्ये नत्र बऱ्यापैकी असले तरी पालाश आणि स्फुरद कमी. लाकडाची राख टाकतात ती त्यासाठीच. राख टाकलेल्या आणि न टाकलेल्या तुकड्यांतली झाडे एकाच तक्त्यात बसवली तर कोणत्याही जातीला जिंकवता येते!

मोजणीचीही गोम आहे. छातीच्या उंचीवर पोकळ गिरमिटाने लाकडाची कांडी काढतात, पण बर्चची वाढवलये (दर वर्षाच्या वाढीचे एकेक कडे) फार पुसट. पाइनची नजरेने मोजता येतात. बर्चची कांडी घासून, रंगवून, भिंगाखाली धरावी लागते, नाहीतर एखादे अरुंद वर्ष निसटते आणि झाड उगाच तरुण, जोमदार ठरते.

चांगल्या निचऱ्याच्या खनिज मातीत रुपेरी सरस, हे खरेच. त्याचे सरळ खोड प्लायवुडला जाते, लवदारचे वाकडे खोड बहुधा कागदाच्या लगद्याला. तो निकाल पीटवर तसाच लागू करणे मात्र पटत नाही. लेखकांनी वाढीच्या आकड्यांसोबत जात कशी ठरवली, झाडे चरापासून किती अंतरावर होती आणि भूजल किती खोल होते, एवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त वनमापक