दुसरं लग्न करताय ना, मग मृत्युपत्र पण लगेच करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्येष्ठांच्या पुनर्विवाहावर सध्या बरंच चांगलं छापून येतंय, वाचून बरं वाटतं, साठीनंतर माणसाने एकट्याने कुकरच्या शिट्ट्या मोजत बसावं असं काही नाही. पण त्या लेखांमध्ये घराचं पुढे काय होणार याबद्दल एक ओळ नसते. मी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद बरीच वर्षं सांभाळतोय त्यामुळे भांडण शेवटी येतं ते आमच्याच ऑफिसात, शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन.

आमच्याकडचंच सांगतो. एका काकांची पहिली बायको गेली, एक मुलगा एक मुलगी, पुढे काकांनी लग्न केलं, नवीन काकूंना आधीच्या लग्नाचा एक मुलगा होता. काकू स्वभावाने चांगल्या. काकांनी मृत्युपत्रात लिहिलं, सगळं हिला, ही नंतर माझ्या मुलांना देईल. काका गेले, मग काकू गेल्या, मृत्युपत्र न करता. आता कायदा काय म्हणतो बघा, हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली की आधी तिची स्वतःची मुलं आणि नवरा, सावत्र मुलं त्यात येत नाहीत, ती नवऱ्याचे वारस म्हणून मागच्या रांगेत. म्हणजे सगळं काकूंच्या मुलाला! त्याचीही चूक नाही, त्याला कायद्याने मिळालं. बरं, काकूंनी काकांच्या मुलांच्या नावाने मृत्युपत्र केलं असतं तरी ते त्या कधीही बदलू शकल्या असत्या.

गंमत म्हणजे काकांनी मृत्युपत्रच केलं नसतं तर मुलांचं इतकं नुकसान झालं नसतं. दुसरी बायको आली की सगळं तिचं असं लोकांना वाटतं, तसं काही नाही, तिला मुलांच्या बरोबरीने एकच वाटा (काकांची आई हयात असती तर आईलाही एक). सावत्र मुलाला मात्र सावत्र बापाकडून आपोआप काहीच मिळत नाही, दत्तक घेतलं किंवा मृत्युपत्रात नाव घातलं तरच.

आणि हे तर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फ्लॅट काका आणि पहिल्या काकूंच्या नावावर अर्धा अर्धा होता. पहिल्या काकूंनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या अर्ध्याचे तीन वाटे, नवरा, मुलगा, मुलगी. हिशोब केला तर फ्लॅटचा एक तृतीयांश भाग मुलांचा आधीपासूनच, काकांनी स्वतःची नसलेली वस्तू देऊन टाकली होती! हे आमच्या कमिटीतल्या एका वकील बाईंनी सांगितलं तेव्हा दोघं भावंडं एकमेकांकडे बघत बसली. पहिल्या बायकोच्या पाटल्या तोडे लॉकरमध्ये असतील तर त्यालाही हाच न्याय, ते एकट्या नवऱ्याचं नसतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तर मी सांगून सांगून थकलो. सहकारी संस्था कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सोसायटीत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद असतो, वारस ठरेपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडाचंही सुप्रीम कोर्टाने 2023 च्या डिसेंबरात तेच सांगितलं. विमा वेगळा, तिथे 2015 पासून आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच, म्हणून पॉलिसीवर अजून कोणाचं नाव आहे ते लग्नानंतर बघाच.

मग करायचं काय, तर बायकोला हयातभर राहायचा हक्क द्यायचा आणि मालकी मुलांना. तिला कोणी बाहेर काढू शकत नाही आणि मुलांचंही जात नाही, शिवाय तिच्या खर्चाला वेगळी एफडी ठेवायची. पण हे स्वतः कागदावर खरडू नका. हा हक्क तिला पोटगीच्या बदल्यात दिला असा अर्थ निघाला तर ती पूर्ण मालकीण ठरू शकते, सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या तुलसम्मा निकालापासून कोर्टात यावर वाद चालू आहेत. पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर आणून झेरॉक्सवाल्याकडून टाईप करून घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय, मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागतच नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणारे ते साक्षीदार नकोत.

गोव्यात हा प्रश्न इतका येत नाही, तिथे मुलं असतील तर माणसाला आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने देता येतो, उरलेला मुलांचाच. आपल्याकडे हिंदू माणसाला स्वतः कमावलेलं सगळंच्या सगळं कोणालाही देता येतं त्यामुळे लिहिणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी जास्त.

ज्येष्ठांचे वधूवर मेळावे घेणाऱ्या मंडळांना आपल्या पेपरमधून एक विनंती, पत्रिका बघणाऱ्या गुरुजींच्या शेजारी एक टेबल वकिलाचं पण ठेवा, आणि त्या टेबलावर दोन्हीकडच्या मुलांना पण बसवा.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी, डोंबिवली