नर्सला रडायला पंधरा मिनिटं मिळतील का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

दरवर्षी १२ मेला परिचारिका दिनाचे आमचे फोटो तुम्ही छापता, बरं वाटतं, घरी मुलं कात्रण जपून ठेवतात. पण फोटोत जे येत नाही ते एकदा लिहावंच म्हटलं. मी नागपुरात १४ वर्षांपासून कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे.

आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, तिकडून बालाघाट-छिंदवाड्यापासून पेशंट येतात, अन् बहुतेक उशिराच येतात. तोंडाच्या कॅन्सरचं तर विचारूच नका, गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, टपरीटपरीवर मिळतो, तिशीतली पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत, नाकातल्या नळीनं दूध द्यावं लागतं. केमोच्या चार-पाच सायकल झाल्या की हाताला शीर सापडत नाही, गरम पाण्याची पिशवी ठेवून चोळत बसायचं, आणि केमोचं ते लाल औषध शिरेबाहेर गेलं तर आतून जाळतं म्हणून ते चालू असेपर्यंत जीव टांगणीला.

मागच्या पावसाळ्यात एक आजी होत्या. स्तनाची गाठ फुटून जखम झालेली, वास इतका की सून दारातच पदर लावून उभी राहायची, नातवाला आत येऊ देत नव्हते, आजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. आम्ही रोज जखम धुवायचो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलच्या (जखमेतले वास करणारे जंतू मारणाऱ्या) गोळ्या बारीक कुटून ती पूड टाकायचो आणि ड्रेसिंग करायचो. आठवडाभरात वास बराच कमी झाला. रविवारी राउंडला गेली तर नातू बेडवर मांडी घालून आजीच्या ताटातला वरणभात खात होता. आजी मला म्हणे, "तू जेवली का माय?" आजी बऱ्या होणार नव्हत्या हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी घरी गेली ते पोट भरूनच.

त्या गेल्या तेव्हा माझीच नाइट होती. डोळे मिटवले, नळ्या काढल्या, कागदांवर सह्या घेतल्या, अर्ध्या तासात चादर बदलून त्याच बेडवर नवीन पेशंट, आणि त्याला हसून विचारायचं, काका गाव कोणतं? सोबतची २२ वर्षांची नवीन सिस्टर स्टोअरमध्ये कापसाच्या गठ्ठ्यांमागे रडत होती. तिला कोणीतरी म्हटलं, नर्सनं रडायचं नसतं. मी ऐकलं आणि गप्प राहिली, ते मला अजून टोचतं. तीन महिन्यांत तिनं नोकरी सोडली, हात इतका हलका होता तिचा, पेशंट तिचीच वाट पाहायचे.

पेशंटसाठी, नातेवाइकांसाठी समुपदेशक असतात, ते हवेतच, मग वॉर्डातल्या नर्ससाठी का नको? मोठा खर्च नाही मागत. पेशंट गेला की शिफ्ट संपताना पंधरा मिनिटं बसू द्या, आणि कोणी काही महिने दुसरा वॉर्ड मागितला तर तिला कच्ची समजू नका. नर्सिंग कॉलेजातही हे शिकवा, सुई टोचायला शिकवतात तसंच.

आम्ही चौघींनी आपल्यापुरतं सुरू केलंय. नाइट संपली की चहा घेऊन बसतो, गेलेल्या माणसाचं नाव घेतो, ज्याला जे आठवेल ते सांगतो. परवा त्या सोडून गेलेल्या पोरीला पण फोन लावला होता, आजीचं नाव काढल्याबरोबर तिनंच वरणभाताचं सांगितलं.

आपली,
एक स्टाफ नर्स, मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव छापू नये)