कपाट विक, घराचा पत्ता नको

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बंगळुरूला जाण्याआधी सामान ऑनलाइन विकून टाकतेयस ते बरंच आहे, एवढं सगळं टेम्पोने नेणं परवडणार नाही. पण तुझी जाहिरात पाहिली आणि राहवेना, म्हणून लिहितेय.

कपाटाच्या आरशात तू अख्खी दिसतेस. मागे खुंटीला ऑफिसचं ओळखपत्र लटकतंय. खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाटी सरळ वाचता येते. वर लिहिलंयस, 'सातनंतरच यावे, दिवसभर घरी कुणी नसते.' अगं, कपाट घेणाऱ्याला मापं, किंमत आणि 'कोथरूड' एवढंच पुरे. फोटो बाजूला उभी राहून पुन्हा काढ.

कुणी 'मी लष्करात आहे, बदली झालीय' म्हणत आधार आणि आर्मीचं कार्ड पाठवलं, तर भुलू नकोस. ही फसवणूक वर्षानुवर्षं चालू आहे. त्या कार्डावरचा माणूस बहुतेकदा वेगळाच असतो. त्या बिचाऱ्याने कधीतरी विश्वासाने कुणाला तरी कार्ड पाठवलेलं असतं. मला सगळ्यात धास्ती याचीच वाटते. तुझं आधार एकदा हातातून सुटलं, की तुझ्या नावावर तिसऱ्यालाच गंडा घातला जाईल. विकणाऱ्याचं आधार लागतंच कशाला? नव्या घरमालकाने मागितलं तर मास्क्ड आधार दे. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच. क्यूआर पाठवून घाई करणाऱ्याला सरळ ब्लॉक कर. चुकून काही झालंच, तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. लॅपटॉप देण्याआधी सगळ्या अकाउंटमधून बाहेर पड आणि रीसेट कर. फोटो नुसते डिलीट करून भागत नाही.

तू म्हणशील, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? लपवायचं काहीच नाही, पण आपलं घर कुणाला दाखवायचं हे आपण ठरवायचं. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो तुझाही आहे.

शनिवारी मामा येतोय. तो आणि वॉचमन मिळून कपाट खाली पार्किंगमध्ये आणतील, गिऱ्हाइकाने तिथेच बघावं. तोवर ही जाहिरात काढ आणि नवे फोटो टाकण्याआधी मला पाठव.

तुझी,
आई