टिकल्या लावून घेतलेली वोडकाची परीक्षा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पार्टीसाठी कुठली वोडका घ्यावी असा लेख तुम्ही छापलात, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सात बाटल्यांचे फोटो, प्रत्येकीखाली स्मूद, रिच, क्रिस्प, सिल्की असली विशेषणं, आणि गंमत म्हणजे किंमत वाढत जाते तशी विशेषणंही वाढत जातात. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत हे खपून जातं हो, पण वोडका म्हणजे जिच्यात चव, वास, रंग काहीच ठळक नसावं अशी चीज, अमेरिकेत तर २०२० पर्यंत सरकारी व्याख्येतच तसं लिहिलेलं होतं. मग या काहीच नसण्याचे सात प्रकार तुमच्या लेखकाने जिभेवर ओळखले की बाटलीवरचं वाचून ओळखले, एवढाच माझा प्रश्न.

नुसती खुसपटं काढायला मी बसलेलो नाही, आम्ही स्वतः करून बघितलंय. उन्हाळ्यात कोथरूडला आमच्या गच्चीवर चौघे मित्र बसलो होतो, सगळे पन्नाशीला टेकलेले. आमच्यातला एक जण, त्याला सगळे भाऊ म्हणतात, तो ड्यूटी फ्रीमधून ग्रे गूज ही महागडी वोडका घेऊन आला होता आणि तिला कोणी हात लावला तरी त्याचा जीव वरखाली होत होता. वर म्हणतो, "बाकी सगळं स्पिरिट रे, वोडका ही एकच." झालं, पैज लागली.

ग्रे गूज त्याची होतीच, एक ॲबसोल्यूट आणली, एक आपल्याकडची मधल्या भावाची मॅजिक मोमेंट्स, आणि चौथी वाईन शॉपवाल्याला "सगळ्यात स्वस्त असेल ती दे" म्हणून घेतली, तिचं नाव इथे नको. बायकोने कटिंग चहाचे ग्लास काढले, प्रत्येकाच्या बुडाला वेगळ्या रंगाची टिकली लावली, कुठली टिकली म्हणजे कुठली बाटली ते कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं, आणि मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण घेऊन दहा-दहा एमएल मोजून दिलं. "याच्यावर मिळणार नाही, तुमचं काय ते लवकर आटपा."

पहिला राऊंड काही न मिसळता, थंड न करता, जशी आहे तशी. चौथी बाटली चौघांनीही पकडली, प्यायच्या आधीच, कारण वास थेट नेलपॉलिश काढायच्या लिक्विडचा, आणि गिळल्यावर घशात जी काय आग झाली ती वेगळीच. पण बाकीच्या तीनमध्ये जो गोंधळ झाला तो बघायला तुमचा लेखक हवा होता. खरं सांगायचं तर भाऊने त्याची ग्रे गूज बरोबर ओळखली, ते मानलं पाहिजे, म्हणजे फरक अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही. पण ओळखून झाल्यावर "सगळ्यात आवडली कुठली" विचारलं तेव्हा त्याचं बोट हिरव्या टिकलीवर, आणि हिरवी म्हणजे मॅजिक मोमेंट्स. मी स्वतः ॲबसोल्यूटला छातीठोकपणे ग्रे गूज म्हणून बसलो ते वेगळंच.

दुसऱ्या राऊंडला बाटल्या डीप फ्रीजमधून काढल्या. घरच्या फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास असतं, वोडका गोठायला त्याच्याही बरंच खाली जावं लागतं, त्यामुळे ती गोठत नाही, नुसती दाट होते, तेलासारखी ओघळते, आणि वास पार दबून जातो. तिथे ती स्वस्त बाटलीसुद्धा दोघांना कळली नाही. "फ्रीझरमधून काढून द्या म्हणजे अस्सल चव कळेल" असं तुमच्या लेखात आहे ना, ते बरोब्बर उलटं आहे, चव लपवायची असेल तर फ्रीझर. तिसऱ्या राऊंडला कैरीच्या पन्ह्यात घातली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना पन्हं आवडलं.

असं का होतं ते काही गूढ नाही. धान्य म्हणा, बटाटा म्हणा, आपल्याकडे उसाची मळी म्हणा, आंबवून उंच कॉलममधून काढून साधारण ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला अल्कोहोल, धंद्यात त्याला ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) म्हणतात, त्यात पाणी घालून चाळीसच्या आसपास आणायचं, कोळशातून गाळायचं, बाटलीत भरायचं. म्हणजे पाच हजाराच्या बाटलीतसुद्धा अर्ध्याहून जास्त पाणीच. पाच वेळा डिस्टिल्ड, दहा वेळा फिल्टर्ड हे जे लिहितात त्याचाही फार बाऊ करू नये, कॉलममध्ये एकाच फेरीत कितीतरी वेळा वाफ होऊन थंड होणं चालूच असतं, त्यामुळे कोण काय मोजतंय ते ज्याचं त्याला माहीत. खरा फरक पडतो तो ईएनए नीट साफ केलाय की नाही याच्यात, आणि तो कस स्वस्त आणि मधल्या बाटलीच्या मध्ये लागतो, मधल्या आणि वरच्या बाटलीच्या मध्ये नाही. त्याच्यावर जे उरतं ते कच्च्या मालाचं, राईची असेल तर मिरीसारखी किंचित चुणचुण, गव्हाची असेल तर जरा मऊ, गोडसर, बटाट्याची जरा भरीव. ॲबसोल्यूट आणि ग्रे गूज दोन्ही गव्हाच्या, एक स्वीडनच्या, एक फ्रान्सच्या, बेल्व्हेडेअर पोलंडच्या राईची. हे काही न मिसळता सावकाश प्यायलात तर कळतं, लिम्कात कळत नाही.

आणि महाग म्हणजे भारी हे डोक्यात आलं कुठून ते तरी लेखात यायला हवं होतं. ग्रे गूज काही चारशे वर्षांची फ्रेंच परंपरा वगैरे नाही, सिडनी फ्रँक नावाच्या अमेरिकन धंदेवाल्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी ती बाजारात आणली, तेव्हा तिकडे महाग समजल्या जाणाऱ्या ॲबसोल्यूटच्या जवळपास दुप्पट भाव मुद्दाम ठेवला, फ्रान्स निवडलं कारण फ्रान्स म्हटलं की लोक पैसे देतात, आणि २००४ मध्ये सगळा ब्रँड बकार्डीला दोन अब्ज डॉलरच्या वर विकून मोकळा झाला. माणसाच्या अकलेला सलाम, आपल्या नाही. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने २१ वोडका झाकून चाखल्या, त्यात भारी भारी ब्रँड असताना पहिली कोण आली, तर साधी, स्वस्तातली स्मर्नॉफ. तेही वर्तमानपत्रच होतं बरं का, म्हणजे हे तुम्हालाही जमण्यासारखं आहे.

आता हिशोब, तो पुणेकराने नाही केला तर कोण करणार. बाहेरून आलेल्या वोडकावर केंद्राची कस्टम ड्यूटी दीडशे टक्के, मग त्यावर राज्याचं वेगळं, म्हणजे तुम्ही गव्हाचे पैसे देता की करवसुलीचे ते ज्याचं त्याने ठरवावं. दुसरं, इथे बनलेल्या बहुतेक बाटल्यांवर अल्कोहोल ४२.८ टक्के लिहिलेलं असतं आणि इम्पोर्टेडवर ४०, म्हणजे ७५० एमएलच्या खंब्यात इकडे ३२१ एमएल अल्कोहोल आणि तिकडे ३००, महागात जाऊन माल कमी. पण स्वस्तवाल्यांनीही फार खूश होऊ नये. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे २६० रुपयांपर्यंत उत्पादनखर्च असलेल्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरची (म्हणजे इथे बनणारी व्हिस्की, रम, वोडका वगैरे) ड्यूटी खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केली आणि क्वार्टरचा कमीत कमी भाव २०५ झाला. म्हणजे खालची बाटली वर सरकली, आणि चार पैसे टाकून मधली घेणं आता आधीपेक्षा जास्त परवडतं. आम्ही तरी हेच करतो, मधली घेतो आणि तिथेच थांबतो, भाऊसुद्धा, फक्त तो कबूल करत नाही.

लेखातली "प्रीमियम घेतली की हँगओव्हर येत नाही" ही ओळ मात्र खरंच काढून टाकायला हवी होती. व्हिस्की-रमच्या मानाने वोडकात बाकीची द्रव्यं कमी असतात हे खरं, पण सकाळी डोकं धरतं ते मुख्यतः किती प्यायलात त्याने, आणि ते ग्रे गूजलाही लागू आहे, आमच्याकडे साक्षीदार आहे.

तर पुढच्या वेळी असा लेख काढाल तेव्हा विशेषणं राहू द्या, किंमत, टक्के, कशापासून बनली आणि कुठे बनली एवढं छापा, आणि झाकून चाखून घ्या, टिकल्या हव्या असतील तर आमच्याकडून पाठवतो. आणि महाराष्ट्रात वोडकासाठी वय २५ पूर्ण लागतं, वर परमिट लागतं, हेही एका ओळीत टाका, कारण फोटोतली पोरं मला तरी सेकंड इयरची वाटली.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड

ता.क. ती चौथी बाटली कोणी संपवेना, म्हणून बायकोने तिच्यात व्हॅनिलाच्या शेंगा चिरून टाकल्यात आणि बरणी कपाटात मागे ठेवलीय. दिवाळीच्या केकला वापरू म्हणते.